ट्रान्सक्रिप्टवर ‘सी’ असताना अमेरिकेतल्या अव्वल कॉलेजांना अर्ज करावा का?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी अमेरिकेतल्या पब्लिक (सरकारी) हायस्कूलमध्ये अकरावीत आहे. अनवेटेड जीपीए, म्हणजे कठीण विषयांना जादा गुण न देता काढलेली ग्रेड्सची सरासरी, ४ पैकी ३.६. नववीत आणि दहावीत बरेच ‘बी’, आणि दहावीच्या दुसऱ्या सत्रात केमिस्ट्रीत चक्क ‘सी’. त्या सत्रात घरी आजीला पक्षाघात झाला होता आणि दुपारनंतर तिच्याजवळ ही मुलगीच असायची. अकरावीत जवळजवळ सगळे ‘ए’ आहेत, एसएटी या प्रवेशचाचणीत १६०० पैकी १४९० आहेत. दोन वर्षं ती घराजवळच्या ओढ्याच्या पाण्याची तपासणी करते आहे आणि तिला पर्यावरण विषयातच पुढे जायचंय. मनात कॉर्नेल, ब्राउन आणि एमआयटी. ‘अर्ज करू द्यावा, की उगीच तिला तोंडघशी पाडायचं?’ जाता जाता भारतातून अर्ज करणाऱ्या भाच्याबद्दलही विचारलंय.

मी आधी एका निवडक कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसात अर्ज वाचत असे आणि नंतर बरीच वर्षं हायस्कूलमध्ये कॉलेज काउन्सेलर म्हणून काम करते आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी जे पाहिलं त्यावरून सांगते. अर्ज जरूर करू द्या. पण त्या तीन नावांवर सगळी मदार ठेवू नका. आणि आत्तापासून ऑक्टोबरपर्यंतचे महिने त्या ‘सी’बद्दल हळहळण्यात घालवू नका. त्याच महिन्यांत काही ठोस करता येण्यासारखं आहे.

आधी आकडे बघू, कारण ते समजून घेतल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यावरून हार्वर्डवर जो खटला चालला आणि ज्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला, त्यात कॉलेजची आतली बरीच माहिती बाहेर आली. २०१९ मध्ये पदवी घेणार असलेल्या बॅचसाठी हार्वर्डकडे देशांतर्गत सुमारे २६,००० अर्ज आले होते. त्यांपैकी ८,००० हून अधिक मुलांचा जीपीए परफेक्ट होता. एसएटीच्या गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी सुमारे ३,५०० मुलं होती. जागा होत्या साधारण १,६०० ते १,७००. हे ऐकून पालक हताश होतात: परफेक्टवाल्यांनाच जागा नाही, तर आमचं काय? मला त्यात दुसरीही गोष्ट दिसते. एका पातळीनंतर कॉलेज मार्कांवरून निवड करूच शकत नाही, कारण मार्कांनी निवडायला गेलं तर जागा संपतात आणि पैकीच्या पैकीवाली मुलं उरतात.

म्हणून अर्ज वाचताना दोन वेगळे प्रश्न विचारले जातात. पहिला: हा विद्यार्थी आमच्याकडचा अभ्यास पेलेल का? दुसरा: पेलणारे हजारो आहेत, मग यालाच का घ्यायचं? ग्रेड्स पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात. दुसऱ्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. तुमच्या लेकीच्या ‘सी’ने पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात खोट निर्माण केली आहे. ती भरून काढायला दुसरा पुरावा द्यावा लागेल, आणि तो देता येतो. दुसऱ्या प्रश्नावर मात्र ती कुणाच्या मागे नाही. कदाचित चार पावलं पुढेच असेल.

इथे एक गैरसमज दूर करते. ‘आमच्या शेजारचा मुलगा ३.५ वर गेला की’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. तो खेळाडू म्हणून आधीच रिक्रूट झालेला, म्हणजे कॉलेजच्या संघासाठी हेरलेला होता का, हे आधी विचारा. त्याच खटल्यातल्या आकड्यांनुसार हार्वर्डमध्ये रिक्रूट केलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्के मुलांना प्रवेश मिळत होता. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेश मिळण्याचं प्रमाणही सर्वसाधारण अर्जदारांच्या कितीतरी पट होतं. त्यांच्या जीपीएशी तुलना करून आशाही बाळगू नका आणि निराशही होऊ नका.

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे हायस्कूलच्या सगळ्या वर्षांची गुणपत्रिका, कसा वाचला जातो ते सांगते, कारण पालकांना वाटतं तसा तो वाचला जात नाही. वाचणारा बऱ्याचदा आधी स्कूल प्रोफाइल उघडतो. हे शाळेने अर्जासोबत पाठवलेलं दोन-चार पानी पत्रक असतं. शाळेत किती एपी (कॉलेजच्या पातळीचे) विषय शिकवतात, ग्रेड देण्याची पद्धत कशी आहे, मुलांच्या जीपीएचं साधारण वाटप कसं आहे, हे त्यात असतं. मग ट्रान्सक्रिप्ट. नजर आधी विषयांवर जाते, ग्रेड्सवर नंतर. शाळेत जे कठीण विषय उपलब्ध होते ते हिने घेतले का? मग ग्रेड्स, वर्षागणिक. छापलेल्या जीपीएवर कुणी थांबत नाही. बरीच कॉलेजं तर इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि परकी भाषा एवढेच विषय धरून जीपीए स्वतः पुन्हा काढतात.

आता ३.६ चे दोन ट्रान्सक्रिप्ट कल्पा. एकीचे नववी, दहावी, अकरावीचे जीपीए अनुक्रमे ३.२, ३.६ आणि ४.०. दुसरीचे ४.०, ३.६ आणि ३.२. सरासरी दोघींची सारखीच. पण पहिलीची फाइल वाचताना माणूस पुढे सरकून बसतो आणि दुसरीची वाचताना ‘अकरावीत काय झालं?’ हा प्रश्न पडतो. विषय कठीण होत गेले आणि ग्रेड चढत गेली, याहून चांगला पुरावा पहिल्या प्रश्नासाठी नसतो. तुमची लेक पहिल्या प्रकारात मोडते. बारावीतही ही चढण टिकली पाहिजे. बारावीत सोपे विषय घेऊन जीपीए वर काढण्याचा मोह आवरा. वाचणाऱ्याला ते लगेच दिसतं.

‘सी’ कुठल्या विषयात आहे हेही महत्त्वाचं. इतिहासाकडे जाणाऱ्या मुलीच्या केमिस्ट्रीतल्या ‘सी’कडे थोडं दुर्लक्ष होऊ शकतं. पर्यावरणशास्त्राला जाणारीचा मात्र डोळ्यांत भरतो, कारण पुढची चार वर्षं केमिस्ट्री तिची पाठ सोडणार नाही. तो ‘सी’ पुसता येणार नाही. पण त्याच विषयातली वरच्या पातळीची चांगली ग्रेड त्याच्या नंतर लागली, तर त्या ‘सी’चा अर्थ बदलतो. म्हणून या उन्हाळ्यात तिने जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचे अभ्यासक्रम असलेल्या स्थानिक कॉलेजात) लॅबसकट जनरल केमिस्ट्री घ्यावं. ते जमण्यासारखं नसेल तर बारावीत एपी केमिस्ट्री. दोन्ही झालं तर उत्तमच. तुमच्या संपूर्ण प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला विचाराल तर हीच. एखाद्या महागड्या समर प्रोग्रॅमला चार आठवडे पाठवण्यापेक्षा कम्युनिटी कॉलेजातला हा एक ‘ए’ तिच्या अर्जात कितीतरी जास्त काम करेल.

परीक्षेचा स्कोअर हा पहिल्या प्रश्नाचा दुसरा पुरावा. कोविडच्या काळात बहुतेक कॉलेजांनी एसएटी किंवा तिच्यासारखीच एसीटी ही चाचणी ऐच्छिक केली होती, पण वारं फिरलं आहे. एमआयटीने २०२२ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली. २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅल्टेक यांनी चाचणी परत आणण्याचं जाहीर केलं. येलने तेव्हा एसएटी-एसीटीऐवजी एपी किंवा आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचे स्कोअर देण्याची मुभा ठेवली. कॉर्नेलने २०२६ च्या प्रवेशांपासून ती मागायला सुरुवात केली. ग्रेड्स थोड्या कमी असलेल्या मुलांसाठी ही बातमी वाईट नाही. चांगला स्कोअर तुमच्या बाजूने साक्ष देतो. १४९० हा खूप चांगला स्कोअर आहे, पण एमआयटीत प्रवेश मिळालेल्या मुलांचा मधला पट्टा साधारण १५२० ते १५७० च्या आसपास असतो. तेव्हा ऑगस्टमध्ये एकदा पुन्हा द्यावी, विशेषतः गणिताचा भाग वाढायला वाव असेल तर. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा नको. तो वेळ केमिस्ट्रीला आणि ओढ्याला द्या.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं गणित वेगळं आहे. तिथे एसएटी बघतच नाहीत, त्यामुळे स्कोअरचा आधार मिळत नाही. पण त्यांच्या जीपीएत नववीच्या ग्रेड्स धरल्या जात नाहीत. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचं धरतात. ज्याची नववी बिघडली आणि पुढे सुधारलं, त्याने तिकडे जरूर बघावं. तुमच्या लेकीची अडचण दहावीतली आहे, त्यामुळे तिला याचा फायदा अर्धाच. दुसऱ्या राज्यातून जाणार असाल तर फीही भरपूर आहे, हे लक्षात असू द्या.

आता स्पष्टीकरण. मुलं एक तर सगळं लपवतात, नाहीतर सगळ्या अर्जभर सुतक पाळतात. दोन्ही चुकीचं. कॉमन ॲप्लिकेशनमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच सामायिक अर्जात, यासाठी वेगळ्या जागा आहेत. आव्हानं आणि परिस्थिती यांबद्दलचा एक प्रश्न असतो, २५० शब्दांचा. त्याशिवाय अतिरिक्त माहितीची जागा आहे. तिची मर्यादा पूर्वी ६५० शब्द होती, ती २०२५ पासून ३०० वर आणली. एवढी जागा भरायलाच हवी असं मुळीच नाही. सगळं नीट झालं तर ऑक्टोबरमध्ये तुमची लेक साधारण असं लिहू शकेल (लिहायचं अर्थात इंग्रजीत):

‘दहावीच्या दुसऱ्या सत्रात माझ्या आजीला पक्षाघात झाला. आईबाबा दोघंही संध्याकाळपर्यंत कामावर असल्यामुळे शाळा सुटल्यापासून सातपर्यंत मी तिच्याजवळ असे. तिला खाऊ घालणं, औषधं देणं आणि व्यायाम करून घेणं माझ्याकडे होतं. त्या काळात केमिस्ट्रीचे लॅब रिपोर्ट मी वेळेत दिले नाहीत आणि सत्राअखेर मला ‘सी’ मिळाला. जूनपासून घरी मदतनीस येऊ लागली. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात मी कम्युनिटी कॉलेजात जनरल केमिस्ट्री घेतलं आणि त्यात मला ‘ए’ मिळाला.’

बस, एवढंच. यात काय नाही ते बघा. ‘शिक्षिका कडक होत्या’ नाही. ‘मी खचून गेले’ नाही. ‘या अनुभवाने मला आयुष्याचा अर्थ शिकवला’ तर नाहीच नाही. काय घडलं, कधी घडलं, त्याचा ग्रेडवर नेमका कसा परिणाम झाला, ते कधी संपलं, आणि नंतर काय केलं. वाचणाऱ्याला प्रवेश समितीसमोर बोलताना हे पाच मुद्दे लागतात. ‘रिपोर्ट वेळेत दिले नाहीत’ हे वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. त्यामुळे विषय कळत नव्हता, ही शंका दूर होते आणि जबाबदारी तिने स्वतःकडे घेतलेलीही दिसते.

नववीतल्या ‘बी’बद्दल चकार शब्द काढू नका. त्याला कारण नाही, आणि कारण नसताना कारण शोधलं की खऱ्या कारणाचीही किंमत कमी होते. ‘बी’ ही वाईट ग्रेड नाही. जे वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटलं असतं, त्याकडे तुम्ही स्वतःच बोट दाखवता.

मानसिक आजाराबद्दल पालक मला नेहमी दबक्या आवाजात विचारतात. नैराश्य, एडीएचडीचं (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकाराचं) उशिरा झालेलं निदान, चिंता. आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’ हा विचार अमेरिकेत येऊनही सुटत नाही, आणि मुलं वर्षभर एकटी झुंजत राहतात. सांगायचं की नाही हा निर्णय सर्वस्वी मुलाचा आहे. सांगायचंच असेल तर वरच्याच पद्धतीने: काय झालं, निदान कधी झालं, उपचार कोणते सुरू झाले, ग्रेड्स कधीपासून सावरल्या. निदान व्हायच्या आधीच्या ‘सी’, ‘डी’ आणि नंतरच्या ‘ए’, ‘बी’ अशी रेघ ट्रान्सक्रिप्टवर स्पष्ट दिसत असेल, तर ती रेघ समजावून सांगणं मुलाच्या हिताचंच असतं. जे अजून सुरूच आहे आणि सावरलेलं नाही, तिथे मात्र अर्जाची घाई करण्याआधी मुलाकडे बघा. एक वर्ष थांबून अर्ज करता येतो.

यातला बराचसा भाग काउन्सेलरने लिहिला तर जास्त वजन येतं. अडचण अशी की पब्लिक शाळांत एका काउन्सेलरकडे शेकड्यांनी मुलं असतात. अमेरिकेतल्या स्कूल काउन्सेलरांच्या संघटनेची शिफारस २५० मुलांमागे एक अशी आहे. प्रत्यक्षातली देशाची सरासरी त्याहून पुष्कळच जास्त आहे. तेव्हा तुमच्या लेकीच्या आजीबद्दल त्यांना माहीत असेल हे गृहीत धरू नका. सुट्टी लागण्याआधी तिने स्वतः जाऊन भेटावं, एका पानावर तारखांसकट सगळं लिहून द्यावं आणि ‘हे तुमच्या पत्रात येऊ शकेल का?’ असं सरळ विचारावं. तुम्ही जाऊ नका. काउन्सेलरला आईची नव्हे, मुलीची ओळख व्हायला हवी. पत्रात मग ‘मी तिला ओळखते’ हे खरेपणाने लिहिता येतं.

शिक्षकांची शिफारसपत्रं अकरावीच्या शिक्षकांकडून घ्यावीत. एमआयटी एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाकडून आणि एक भाषा, मानव्यविद्या किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाकडून मागते. इतर ठिकाणीही ही जोडी चालून जाते. ज्यांच्या तासाला सहज ‘ए’ मिळाला त्यांच्यापेक्षा ज्यांनी तिला धडपडताना पाहिलं त्यांना विचारा. ‘वर्गातली हुशार मुलगी’ असं पत्र प्रत्येकाकडे असतं. ‘पहिल्या चाचणीनंतर दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन यायची आणि चुकलेलं प्रत्येक गणित मला पुन्हा सोडवून दाखवायची’ असं पत्र क्वचित येतं. ग्रेडमध्ये थोडी कसर असलेल्या मुलासाठी याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

आता ओढा. तुमच्या पत्रात ते एका ओळीत आलंय. मी तेच वाचून सरसावून बसले. कॉमन ॲपवर उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरं, म्हणजे ट्वीटपेक्षाही लहान. बहुतेक मुलं लिहितात: ‘पर्यावरण क्लबची सक्रिय सदस्य. नदी स्वच्छतेत भाग. जनजागृती केली.’ यातून काहीच दिसत नाही. तेच असं लिहिता येईल: ‘दोन वर्षं दर शनिवारी पाच ठिकाणी पीएच, नायट्रेट मोजते, पावसानंतर नायट्रेट वाढल्याचं दिसलं, नोंदी टाउन कौन्सिलला दिल्या.’ आता मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते. तिने नोंदी अजून कुणाला दिल्या नसतील तर देऊ दे. केवळ अर्जासाठी म्हणून नव्हे; दोन वर्षांचे आकडे वहीत पडून राहण्यापेक्षा गावाच्या उपयोगी पडलेले बरे.

समितीच्या खोलीत वाचणारा दोन-तीन मिनिटांत एक फाइल मांडतो. ‘ओढ्याचं पाणी मोजणारी मुलगी’ असं त्याला म्हणता आलं तर बाकीचे मान वर करतात. ‘आठ क्लब, तीनची अध्यक्ष’ म्हटल्यावर कुणी करत नाही. म्हणून रिकाम्या जागा भरायला नवे क्लब जोडू नका. दहापैकी पाचच भरल्या तरी चालतात. आजीची काळजी घेतली हासुद्धा एक उपक्रमच आहे. घरातल्या जबाबदाऱ्यांसाठी त्या यादीत स्वतंत्र प्रकार आहे आणि तो आपली मुलं जवळजवळ कधीच वापरत नाहीत. अकरावीच्या शेवटी घाईघाईने स्थापन केलेली संस्था, पैसे घेऊन ‘संशोधन’ छापून देणारी नियतकालिकं, फी भरली की प्रवेश देणारे नामांकित कॅम्पसवरचे समर प्रोग्रॅम: वाचणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं असतं. त्यात पैसा घालू नका, मी मनापासून सांगते.

निबंधाबद्दल एकच. ६५० शब्दांचा मुख्य निबंध ग्रेड्सवर लिहू नये. त्या गोष्टीला वर सांगितलेली जागा आहे. आजीवर लिहायचं असेल तर आजीवर लिहावं, केमिस्ट्रीवर नाही.

कॉलेजांची यादी. इथे मी थोडी कठोर होते. जी कॉलेजं पाच टक्क्यांच्या आसपास मुलं घेतात, तिथे ज्यांच्या शाळा क्रमांक देतात अशा दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त मुलं वर्गातल्या पहिल्या दहा टक्क्यांतली असतात. तेव्हा अशी दोन किंवा तीनच ठेवा. बहुतेक कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचं कागदपत्र प्रसिद्ध करतात. त्यातल्या सी-७ या तक्त्यात ग्रेड्स, विषयांची काठिण्यपातळी, निबंध, शिफारसी, व्यक्तिगत गुण यांपैकी कशाला किती महत्त्व देतात ते सरळ लिहिलेलं असतं. मायलेकी मिळून एक संध्याकाळ त्यासाठी काढा.

तुमच्या तीन नावांपैकी माझ्या मते कॉर्नेल तिला सगळ्यात साजेसं. तिथे अर्ज एका विशिष्ट कॉलेजला करायचा असतो, आणि कॉलेज ऑफ ॲग्रिकल्चर अँड लाइफ सायन्सेसमध्ये पर्यावरण आणि शाश्वतता हा विषय आहे. हाच विषय का, हे तिथे विचारतात. नायट्रेटच्या वह्या असलेल्या मुलीला त्याचं उत्तर शोधावं लागणार नाही. तुम्ही न्यूयॉर्क राज्यात राहत असाल तर या कॉलेजची फीही कमी पडते. ब्राउन दुसरं. एमआयटी तिसरं, आणि तिथे केमिस्ट्रीचा ‘सी’ सगळ्यात जड जाईल हे मनाशी धरूनच अर्ज करावा. ‘सोप्या विषयातून आत शिरू आणि मग कॉम्प्युटर सायन्सला बदलू’ असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन किंवा इलिनॉय-अर्बाना शँपेनसारख्या ठिकाणी आत गेल्यावर कॉम्प्युटर सायन्सला जाणं अतिशय अवघड आहे.

या तिघांच्या खाली मनापासून आवडतील अशी ठिकाणं हवीत. पर्यावरणासाठी सिराक्यूजमधलं सनी-ईएसएफ हे याच विषयाला वाहिलेलं कॉलेज आहे. युनिव्हर्सिटी ऑफ व्हरमाँटमधलं रुबेनस्टाइन स्कूल आहे. पेनसिल्व्हेनियातलं डिकिन्सन शाश्वततेच्या कामासाठी ओळखलं जातं. तुमच्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठाचं ऑनर्स कॉलेज (निवडक मुलांसाठीचा खास विभाग) विसरू नका. अशा ठिकाणी ३.६ आणि ओढा घेऊन गेलेली मुलगी प्राध्यापकांच्या लगेच नजरेत भरते, पहिल्याच वर्षी लॅबमध्ये शिरकाव होतो, आणि कधी स्कॉलरशिपही मिळते.

अर्ली डिसिजनचा, म्हणजे ‘मिळालं तर येईनच’ या अटीवर एकाच कॉलेजला लवकर अर्ज करण्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचाराल. ब्राउनने २०२४ च्या प्रवेशांत अर्लीतून सुमारे १४ टक्के मुलं घेतली, एकूण दर पाच टक्क्यांच्या आसपास होता. फरक मोठा दिसतो, पण त्या अर्लीच्या गठ्ठ्यात रिक्रूट केलेले खेळाडूही असतात. खरा फायदा आहे, दिसतो तेवढा नाही. चढत्या ट्रान्सक्रिप्टवाल्यांसाठी आणखी एक पेच असतो: १ नोव्हेंबरला अर्ज केला तर बारावीच्या पहिल्या सत्राच्या ग्रेड्स वाचणाऱ्यासमोर नसतात, जानेवारीच्या फेरीत मिड-इयर रिपोर्टमधून त्या पोचतात. माझं मत असं: उन्हाळ्यातल्या केमिस्ट्रीत ‘ए’ आला तर कॉर्नेलला अर्ली डिसिजन करावं. नाही आला तर थांबावं, बारावीत एपी केमिस्ट्री घेऊन रेग्युलर फेरीत जावं. अर्ली डिसिजन बंधनकारक असतं, मिळालं तर जावंच लागतं. म्हणून त्याआधी कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये आपले आकडे घालून बघा. निघालेला खर्च परवडत नसेल तर अर्ली डिसिजनचा विचार सोडा. एमआयटीचं अर्ली ॲक्शन बंधनकारक नाही, पण दुसरीकडे अर्ली डिसिजन केलं असेल तर आधी त्या कॉलेजचे नियम वाचा.

डिसेंबरमध्ये ‘डिफर’ झालं, म्हणजे निर्णय पुढे ढकलला, तर फेब्रुवारीच्या आसपास एक छोटं पत्र पाठवावं: नव्या ग्रेड्स, ओढ्यावरचं नवं काही असेल ते, आणि अजूनही यायची इच्छा आहे एवढंच. एकच पत्र.

नाही मिळालं तरी दार कायमचं बंद होत नाही. कॉर्नेल काही नाकारलेल्या मुलांना ट्रान्स्फर ऑप्शन देतं: पहिलं वर्ष दुसऱ्या कॉलेजात ठरावीक ग्रेड्स मिळवून काढा आणि दुसऱ्या वर्षी या. कॅलिफोर्नियात तर हा राजमार्गच आहे. यूसीएलए पहिल्या वर्षासाठी सुमारे नऊ टक्के अर्जदारांना घेतं, ट्रान्स्फरसाठी मात्र चौघांतल्या जवळजवळ एकाला, आणि त्यांतली बहुतेक मुलं राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांतून आलेली असतात. कॉलेजात दोन वर्षं चांगली काढली की हायस्कूलच्या ग्रेड्स मागे पडतात.

भाच्याबद्दल थोडक्यात. भारतातून अर्ज करताना नववी ते बारावीचे मार्क जसे आहेत तसेच द्यायचे. टक्क्यांचा जीपीए स्वतः करून पाठवायचा नाही. त्याच्या शाळेतून याआधी अमेरिकेत फारसं कुणी गेलं नसेल तर स्कूल प्रोफाइल हा सगळ्यात महत्त्वाचा कागद ठरतो. शाळेत ८२ टक्के म्हणजे नेमके कितवे, गेल्या बोर्डाच्या परीक्षेत मुलांचे मार्क कसे पसरले होते, हे शाळेने लिहिलं नाही तर वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. मुख्याध्यापकांकडे आत्ताच जाऊन बसायला सांगा. आणि आर्थिक मदत लागणार असेल तर यादी फार सावधपणे करावी लागेल: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी मोजकीच कॉलेजं परदेशी मुलांचा निर्णय पैशांची गरज न बघता घेतात. बाकी ठिकाणी गरज आणि मार्क दोन्ही एकदम तोलले जातात.

आता तोंडघशी पडण्याबद्दल. मी पाहिलेल्या मुलांत नकारामुळे जी मोडून पडली, ती बहुतेक मार्चअखेरीला हातात एकही होकार नसलेली होती. ते टाळता येतं. युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्गसारखी काही विद्यापीठं रोलिंग पद्धतीने निर्णय देतात, म्हणजे अर्ज येईल तसे वाचत जातात. तिथे एक अर्ज लवकर, शक्य तर सप्टेंबरातच जाऊ दे. व्हरमाँटला अर्ली ॲक्शनने करा; तेही बंधनकारक नाही. म्हणजे कॉर्नेलचा निकाल बघायला बसेल तेव्हा, नाताळच्या आधी, बहुधा तिच्याकडे एक तरी कॉलेज पक्कं झालेलं असेल. ते कोणतं असावं हे तिला आत्ताच विचारा, आणि शक्य असेल तर या सुट्टीत ते कॅम्पस तिच्यासोबत बघून या.